दोनदा गेलेलं यान

मी एक जुनी कादंबरी आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीलगतच्या कपाटात, तळाच्या फळीवर माझी जागा. माझ्या मुखपृष्ठावर एक लहानसं यान आणि तांबूस चंद्र आहे. चंद्र हाताळून हाताळून पांढरा पडला आहे, पण यान अजून ओळखू येतं.

मित्रांनो, माझ्या पोटातली गोष्ट तुमच्याच वयाच्या मुलांची आहे. एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ त्या चंद्रावर अडकतात. चंद्रावरच्या त्यांच्या ठाण्यातली हवा संपत आलेली असते आणि छोट्या यानात एकालाच जागा असते. बहीण हवेच्या टाक्या आणायला दूर अंतराळात थांबलेल्या मोठ्या जहाजाकडे निघते. भाऊ खिडकीत दिवा लावून तिची वाट बघत बसतो.

छापखान्यातून मी आले तेव्हा माझ्याबरोबर माझी जुळी बहीण होती, म्हणजे याच कादंबरीची दुसरी प्रत. वाचनालयाच्या बाईंची रीत अशी, की नवं पुस्तक आधी बाइंडरकडे जाऊन जाड पुठ्ठा चढवून यायचं, मगच मुलांच्या हाती पडायचं. बाइंडरकाकांनी आम्हा दोघींची शिवण उसवली. पुस्तक म्हणजे सोळा सोळा पानांच्या घड्या असतात. त्यांना फर्मे म्हणतात. आम्ही प्रत्येकी बारा फर्म्यांच्या. काकांनी दोघींचे दहा दहा फर्मे शिवले आणि ते जेवायला उठले.

टेबलावर चार फर्मे पसरलेले राहिले. काकूंना पसारा अजिबात खपत नसे. दारातल्या चपला लावाव्यात तशा त्यांनी त्यांच्या जोड्या लावून ठेवल्या. अकराव्याशी अकरावा, बाराव्याशी बारावा. काका हात पुसत आले. त्यांनी एक जोडी मला शिवली, एक माझ्या बहिणीला, आणि सरस लावून आम्हाला दाबात ठेवलं.

माझ्यात अकरावा फर्मा दोनदा आला आणि शेवटचा आलाच नाही. यान सुटतं, खिडकीतला दिवा लहान लहान होत जातो, आणि पान उलटलं की बहीण पुन्हा यानाचं दार लावून घेते.

याबद्दल बरीच वर्षं कोणी हूं की चूं केलं नाही. काहींनी मला अर्ध्यातच परत केलं. एका मुलाने तर वर्गात सांगितलं, की या गोष्टीत काळ उलटा फिरतो, आणि त्याला शाबासकीही मिळाली. पुढे नवी, गुळगुळीत पुस्तकं आली. मी तळाच्या फळीवर गेले आणि धूळ खात पडले.

तिथून मला शेंडेफळाने उचललं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरी त्यांच्या दोन भाच्या राहत. धाकटीला घरात सगळे शेंडेफळ म्हणत. त्यांची आई पूर्वी दवाखान्यात गेली ती "येते हं" म्हणून, आणि परत आली नाही. आता मोठीला, म्हणजे ताईला, दूरच्या बंदरगावी जहाजांची इंजिनं शिकायला प्रवेश मिळाला होता. आठवड्याभरात तिला निघायचं होतं. शेंडेफळ तिच्याशी बोलत नव्हती. कापडांच्या ढिगाऱ्याआड बसून ती मला वाचायची. ताईने हाक मारली की तोंड माझ्यात आणखी खुपसायची.

अकरावा फर्मा संपला. पुढेही अकरावाच. तिने तो श्वास रोखून पुन्हा वाचला, पान उलटलं, आणि तिच्या हाताला पुठ्ठा लागला. तिने मला भिंतीवर भिरकावलं. माझी पाठ तेव्हापासून जरा तिरकी आहे.

ताई धावत आली. शेंडेफळ बऱ्याच दिवसांनी तिच्याशी बोलली.

"बघ. दोनदा गेली. एकदाही आली नाही."

ताईने मला उचलून उजेडात धरलं. पानांचे आकडे पुढे जाता जाता मागे आलेले तिला दिसले. ही बांधणीतली चूक आहे, खऱ्या गोष्टीत ती परत येत असेल, असं ती समजावू लागली. शेंडेफळ म्हणाली, मग दाखव. दाखवायला ताईकडे काही नव्हतं. रात्रीचं जेवण झाल्यावर तिने मावशीला सांगून टाकलं की मी जात नाही.

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून तिने कापडाला लावल्या आणि मग म्हणाली, "एवढी हातची जागा पुस्तकापायी घालवणार? उद्या सकाळी तिघी जाऊ. आधी शेवट शोधू, मग काय ते ठरव."

वाचनालयाच्या बाईंनी कपाट धुंडाळून माझी जुळी बहीण काढली. तिच्यात बहीण चंद्रावरून निघतच नव्हती, पण परत मात्र दोनदा येत होती. ती प्रत शेवटची पोस्टमनकाकांनी नेली होती. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आनंदाची गोष्ट आहे म्हणून दोनदा छापली असेल, असं त्यांना वाटलं होतं.

तिथून तिघी आम्हाला बाइंडरकाकांकडे घेऊन गेल्या. त्यांनी आम्हा दोघींना समोर ठेवलं आणि आतल्या खोलीकडे बघून विचारलं, हा कोणाचा हात?

"माझाच," काकू म्हणाल्या. "सारख्याला सारखं लावलं. तुम्हाला आकडे वाचता येत नव्हते का?"

काकांनी सुरी घेतली. आमची शिवण पुन्हा उसवली. माझा जादा अकरावा तिला गेला, तिचा जादा बारावा मला आला. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो त्यांनी शेंडेफळाला दाखवला आणि मेण लावलेला दोरा तिच्या हाती दिला. शेवटचा फर्मा मला तिनेच शिवला. टाके वाकडे आले. काकांनी ते तसेच राहू दिले.

सरस वाळेपर्यंत तिला धीर नव्हता. तिथेच पायरीवर बसून तिने वाचलं. यान उतरलं तेव्हा खिडकीतला दिवा विझलेला होता. बहीण अंधारात चाचपडत आत गेली. भावाने हवा वाचवायला दिवा मालवला होता आणि तो भिंतीला टेकून जागा होता.

ताई ठरल्या दिवशी निघाली. खांद्यावर पिशवी, हातात पत्र्याची पेटी. दारात उभी राहून तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "येते" हा शब्द त्या घरात जपूनच वापरला जाई.

शेंडेफळ म्हणाली, "अकरावा झाला. बारावा विसरू नकोस."

पहिल्या सुट्टीत ताई आली. तिच्या नखांत ग्रीस होतं. शेंडेफळाने मला वाचनालयातून पुन्हा आणून ठेवलं होतं. त्या रात्री दोघींनी मिळून मला वाचलं. ताईच्या बोटाचा काळा ठसा माझ्या शेवटच्या पानावर अजून आहे.

मित्रांनो, मी आता पिवळी पडले आहे आणि माझे कोपरे झिजले आहेत. एवढंच मागते. माझी पानं दुमडू नका, मला थुंकी लावून उलटू नका. आणि कधी गोष्ट अर्ध्यात तुटली, तर मला भिंतीवर मारण्याआधी पानाच्या तळाचा तो बारीक आकडा बघा. राहिलेला फर्मा माझ्या जुळ्या बहिणीकडे असू शकतो. ती वरच्या फळीवर, डावीकडून तिसरी.