हलवलेली बाटली

रंगाच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: डबा उघडायच्या आधी हलवायचा. लेकीने पाठवलेली वाइनची बाटली हाती आली तेव्हा दुकानदारांनी तेच केलं. दोन्ही हातांत धरून चांगली खळखळून हलवली आणि मग बूच काढलं.

तसे ते कधीमधी अर्धा पेला वाइन घेणारे. तीही गोड, बर्फ टाकून. ही मात्र लाल, फ्रेंच, बरीच जुनी, आणि लेबलावरचं एक अक्षर कळेल तर शपथ. लेक वाइनच्या दुकानात नोकरी धरून दुसऱ्या गावी गेली, तेव्हापासून फोनवर बापलेकीचं एकच चाले. "आपलं दुकान कोण बघणार?" हे विचारल्याशिवाय यांना राहवत नसे, आणि ते ऐकलं की ती म्हणे, "फोन आईकडे द्या." घरी येणं तर तिने सोडूनच दिलं होतं. आता तिने स्वतः निवडून बाटली पाठवली होती. चव कशी वाटली ते सांगा, एवढाच निरोप. आज तरी धड बोलायचं, असं त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं.

पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं. कडू, तुरट, आणि जिभेवर चक्क कचकच.

"छान आहे म्हणून सांगा," बायको म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

"तिला माझं खोटं लगेच कळतं." त्यांनी फोन लावला. "अगं, खरं सांगू? चिखल लागतोय."

 

"बाबा, बाटली हलवलीत का?"

"म्हणजे काय! न हलवता कशी उघडणार?"

ती हसायला लागली ती थांबेचना. "अहो, जुन्या वाइनचा गाळ तळाशी बसलेला असतो. त्याला उठवायचं नाही. आता बूच लावा, बाटली उभी ठेवा आणि हात लावू नका. उद्या मला सुट्टी आहे, मीच येते ओतायला."

येते म्हणाली! दुकानदारांनी बाटली कपाटात ठेवली आणि बायकोला तिकडून जपून चालायला बजावलं.

"बाटली आहे ती, बाळ नाही झोपलेलं," बायको म्हणाली, पण चालली हळूच.

दुसऱ्या संध्याकाळी लेक आली. खांद्यावरची पिशवीही न उतरवता तिने बाटली सावकाश कलती केली. गाळ बराचसा खाली राहिला. दुकानदारांनी घोट घेतला. तुरट होतीच, पण मागून मनुकांसारखं काहीतरी गोडसर आलं. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटताच जुना प्रश्न जिभेवर आला.

"आपल्या दुकानात..."

लेकीचा हात थांबला. बायकोने डोळे वटारले. दुकानदारांनी पेला दिव्यासमोर धरला.

"आपल्या दुकानात असा लाल रंग नाही गं."

लेकीने पिशवी खुंटीला अडकवली, खुर्ची ओढली आणि स्वतःसाठी पेला घेतला.