केसभर तिरकी तोटी

कामाशिवाय कुणी कुणाच्या घरी जाऊ नये, असं जावईबापूंचं तत्त्व होतं. सासूबाई गेल्यावर हे तत्त्व सासरेबुवांना दोनदा समजावण्यात आलं. दुसऱ्यांदा तर दारातच. सासरेबुवांची हयात पंप दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी काम निर्माण केलं.

जावयाच्या वाढदिवसाला त्यांनी दिवाणखान्यात कारंजं बसवून दिलं. खाली दगडी भांडं, त्यात बुडवलेला मुठीएवढा पंप, वर पितळी तोटी, तोटीभोवती दिव्यांचं कडं. पंपानं पाणी वर ढकलायचं, त्यानं उजेडात न्हाऊन परत भांड्यात पडायचं. पाहुण्यांना जावईबापू सांगत, "बाहेरून मागवलंय." सासरेबुवांची हरकत नव्हती. तोटी त्यांनी केसभर तिरकी बसवली होती.

थोडे थेंब शेजारच्या कुंडीत पडत. तीन दिवसांत पाणी उतरे, पंप हवा ओढून घरघरू लागे आणि मुलीचा फोन येई, "बाबा, तुमचं ते पुन्हा कण्हतंय." नळाच्या पाण्यानं तोटीत क्षार धरतो, असं त्यांनी ठासून सांगितलेलं. मग ते गाळलेल्या पाण्याचा कॅन घेऊन येत, आणि पाच मिनिटांचं काम नातीशी बोलत तासभर करत. नऊ वर्षांची पोर. तिला त्यांनी सगळं शिकवलं. सगळं म्हणजे जवळजवळ सगळं.

या खेपेला पाच दिवस फोन नाही. सहाव्या दिवशी ते कॅन घेऊन आपणच गेले. कारंजं काठोकाठ भरलेलं, धार सरळ.

"आजोबा, तोटी वाकडी होती! मीच सरळ केली. तुम्हाला कशी नाही दिसली?"

"चष्मा बदला," जावईबापू म्हणाले. "वर्षभर दिसू नये? लोक तुमच्याकडे पंप देत तरी कसे होते हो?"

मुलगी हसली. मग हसायची थांबली आणि बापाकडे बघतच राहिली. तिला कळलं होतं.

लबाड ठरायचं की अडाणी, एवढंच सासरेबुवांच्या हातात उरलं होतं.

"शाबास," ते नातीला म्हणाले. "माझ्या नजरेतून सुटलं बघ."

"कॅन राहू द्या इथंच," जावईबापू म्हणाले. "दोन-तीन महिने पुरेल."

"चहा टाकते," मुलगी पुटपुटली.

"कशाला? त्यांना उशीर होईल."

सासरेबुवा चपला घालत होते. आत नात शेजारच्या मैत्रिणीला त्यांच्याच शब्दांत कारंजं समजावत होती, "तेच पाणी फिरत राहतं गं. बाहेरून कुणी यायला लागत नाही."