एक्केचाळिसावं मिनिट

"टाळ्या वाढव गं. माणसं काय मयताला आली होती?" दादा धाकट्या बहिणीच्या मानेशी वाकून कुरकुरला.

छोटीनं कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगमधल्या टाळ्या वाढवल्या. अकराला पोलीस तपासाचे साहेब येणार होते, आणि पुढच्या महिन्यात अल्बम. साहेबांना काय नि ऐकणाऱ्यांना काय, दादाचा कार्यक्रम 'लाइव्ह'च वाटायला हवा होता. खरं तर सगळी गाणी तिनं तीन आठवडे घरातल्या याच खोलीत बसून एकमेकांत अशी गुंफली होती, की सांधा शोधून सापडू नये. मैदानात डीजे म्हणून दादानं एक बटण दाबलं आणि नुसते हात हलवले, एवढंच. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दादाच्या नावावर घर चालायचं, मग बोलतो कोण?

बोलला तो लाइटवाला. भर दुपारी, कार्यक्रम चालू असताना, स्टेजमागून. म्हणाला, शेट, खाली येऊन पाणी प्या जरा, गाणं काही तुमच्यावाचून अडत नाही.

दादा खाली आला, पण पाण्यासाठी नाही. लोखंडी स्टँड उचलून त्यानं लाइटवाल्याच्या तोंडावर घातला. पहिल्या तडाख्यात जबडा निखळला, दुसऱ्यात दात उडाले. माणूस आडवा झाल्यावरही दादा बरगड्यांत लाथा घालत राहिला, आणि सवयच ती, तालात. छोटी मधे पडली तर कोपर तिच्या नाकावर बसलं. रक्त गिळत तिनं ऐकलं: धुराच्या यंत्रानं झाकलेल्या रिकाम्या स्टेजवर एक गाणं दुसऱ्यात लोण्यासारखं विरघळत होतं. पब्लिक नाचत होतं.

दादा वर गेला. जखमीला उचलायला धावला जनरेटरवाला. त्याच्या हातांना रक्त लागलं, म्हणून पोलिसांनी त्यालाच धरलं. चार दिवसांच्या कोठडीत त्याचा एक कान गेला होता, कबुली तेवढी बाकी होती.

अकराला साहेब आले, हेडफोन लावून ऐकत बसले. लाइटवाल्याचा जबडा तारांनी बांधलेला. त्यानं दादाकडे बोट दाखवलं होतं खरं, पण एक्केचाळिसाव्या मिनिटाला, मार पडत होता नेमका तेव्हाच, गाणं किती सफाईनं बदललं होतं. साहेब म्हणाले, हात एका वेळी दोन ठिकाणी कसे असतील? दादा लाजल्यासारखा हसला.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. हे रेकॉर्डिंग त्या दिवशीचं, जसंच्या तसं आहे, असं लिहून खाली छोटीची सही हवी होती.

दादानं टेबलाखाली तिची डाव्या हाताची करंगळी धरली आणि हळूहळू उलटी वळवत नेली. चेहरा हसराच.

"कर सही. साहेबांना उशीर होतोय."

करंगळी कट्कन मोडली. छोटीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. लहानपणापासून ती दादाचं सगळं निस्तरत आली होती, आणि इतकं नीट, की कुणाला दिसू नये. तिनं पेन खाली ठेवलं.

"साहेब, हे लाइव्ह नाही," ती म्हणाली. "हे मी इथं बसून बनवलंय. त्या वेळी स्टेजवर कुणीच नव्हतं. दादा खाली होता, लाइटवाल्याला मारत."