सकाळचा घास

“हा डबा सकाळचाच आहे ना ताई?”

अंजूनं ओट्यावरचा स्टीलचा डबा उघडला. उकडलेले काबुली चणे, काकडी, टमाटर, वरून ऑलिव्ह ऑइल. सगळं जसंच्या तसं होतं. दुपार कलायला आली होती.

पुष्पलता शिलाई मशीनवरून उठली. हातात गिऱ्हाइकाची साडी होती, अर्धा फॉल लागलेली.

“संध्याकाळी खाते वं मी. वाया नाही जाऊ देत.”

“दिवसभराचं एकाच टायमाले? मग डायटिशियन मॅडम इतके दिवस काय सांगून राहिली होती?”

पुष्पलता खाली मान घालून साडीची घडी घालू लागली. मनीषनगरच्या त्या दोन खोल्यांत तिचा आवाज तसाही कधी वर गेला नव्हता.

अंजू तिची भावजय. अंजूचा नवरा चेतन हा पुष्पलतेचा पाठचा भाऊ. दारूचा थेंबही न शिवता त्याचं यकृत निकामी झालं होतं. नात्यातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळली ती एकटी पुष्पलता. पण तिच्याही यकृतावर चरबी निघाली. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, चरबी उतरली तरच तुमच्या यकृताचा तुकडा काढून चेतनला बसवता येईल. भूमध्य समुद्राकाठची माणसं जेवतात तसं जेवण तिथल्या डायटिशियन मॅडमनी ठरवून दिलं. चणे, डाळी, भाज्या, दही, अक्रोड. भात-साखर जवळजवळ बंद. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली होती, की सकाळपासून थोडंथोडं खायचं. दिवसभर उपाशी राहून रात्री भरलं ताट घ्यायचं नाही.

पुष्पलता नेमकं तेच करत आली होती, परकर-पोलक्यात होती तेव्हापासून. देवापाशी दिवा लागला की एकदाच जेवायचं. त्याआधी पाण्याशिवाय काही नाही. शेजारणी हसत म्हणायच्या, एकदा जेवून ही बाई एवढी जाड कशी?

“कालच्या तपासणीत चरबी तेवढीच निघाली,” अंजू म्हणाली. “तुम्हाले द्यायचं नसन तं तोंडानं सांगून टाका. खोटी आस काहून लावून ठेवता?”

“असं नको बोलू वं.”

“कसं बोलू मंग? तुमचं पुण्य तुमच्यापाशी ठेवा. मले माहा नवरा पाहिजे.”

हा नेम कुणासाठी धरला होता, ते पुष्पलतेनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बोलून दाखवलेला नेम फळत नाही, असं आत्या म्हणायची. गोळीबार चौकातल्या माहेरी, हातमागाच्या खड्ड्याशेजारी, लहानगा चेतन तापानं फणफणला होता. त्यानं डोळे फिरवले, तेव्हा ती देवाला म्हणाली होती, माझा सकाळचा घास तू घे, याला राहू दे. ताप उतरला. तो घास तिनं पुन्हा मागितला नाही. लग्नाच्या दिवशीही नाही. आणि आता त्याच जिवासाठी डॉक्टर तो परत घ्यायला सांगत होते. घेतला आणि त्याला काही झालं तर? नाही घेतला तर?

“ताई!”

खालून हाक आली. ती गॅलरीत गेली. चेतन ऑटोतच बसला होता. जिना चढणं आता त्याच्यानं होत नव्हतं. शर्ट खांद्यावरून लोंबत होता आणि पोटावर ताणला होता. डोळे हळदीसारखे.

“अंजू भांडून राहिली का वं तुझ्यासंगं?”

“नाही रे. बोलून राहिलो आम्ही.”

“तुझा तुकडा माझ्यात आला का मलेही तुझ्यासारखा उपास करावा लागन म्हणते लोकं. पोह्यावरची तर्री बंद होईन वं माही!”

तो हसला. हसता हसता ढास लागली ती थांबेना. ऑटोवाल्यानं मागे वळून त्याला धरलं.

पुष्पलता आत आली. हात धुतले. डबा घेऊन ती जमिनीवर बसली, देव्हाऱ्याकडे पाठ करून. पहिला चणा कितीतरी वेळ तोंडात तसाच राहिला. मग तिनं तो चावला. तेल घशाला कडवट लागलं. अंजू दारातच उभी होती. अर्धा डबा संपला, तेव्हा पाण्याचा पेला घेऊन ती समोर येऊन बसली.

“ताई, मी लय बोलली.”

“मीठ कमी आहे,” पुष्पलता म्हणाली. “उद्या लिंबू पिळजो.”

मग ती रोज सकाळी खाऊ लागली. रोज खाताना कान फोनकडे असायचे. एका सकाळी तो वाजलाच. चेतन शुद्धीवर नव्हता, त्याला दवाखान्यात नेत होते. तिच्या तोंडात अक्रोड होता. तो गिळवेना, थुंकवेना. आपण खाल्लं म्हणून, एवढंच तिच्या मनात आलं. श्रावण, तिचा नवरा, चपला घालता घालता थांबला.

“पुष्पा, खाऊन घे. आता थांबू नको तू.”

“तुम्हाले नाही समजत हो.”

“नसन समजत. पण खा.”

चेतन दोन दिवसांनी शुद्धीवर आला. त्या दोन्ही सकाळी ती जेवली होती. देवापुढे दिवा लावायची, पण मागायचं काही नाही. मागायला आता तोंड उरलं नाही, असं तिला वाटायचं.

पुढल्या तपासणीत चरबी उतरलेली निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस धरला. अंजू दवाखान्याच्या पायरीवरच तिच्या गळ्यात पडून रडली.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे पुष्पलतेला हिरवा गाऊन चढवून ढकलगाडीवर निजवलं. आधी तिला आत नेणार होते, मागून चेतनला. दाराशी नर्सनं गाडी थांबवली.

“मावशी, रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?”

“नाही.”

“चहा? बिस्किट?”

“काही नाही वं.”

“बरं झालं. उपाशीच पाहिजे.”

पुष्पलतेनं नमस्कारासाठी हात उचलले. एका हाताला सलाईनची सुई होती, पट्टीनं घट्ट बांधलेली; तो वळेना. मग दुसरा हात तेवढा तिनं छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.