दमादमानं

रखमाबाई पाथरवटीण बावीस वर्षं एकाच हाळीवर जगली. खांद्याला झोळी, झोळीत दगड टोचायच्या दोन टाक्या आणि एक हातोडा, आणि तोंडानं, "टाकीऽऽ लावून घ्या, जात्याला, पाट्याला, टाकीऽऽ". आधी ती अंबरनाथ गावातच फिरायची. मग लढाईच्या दिवसांत लष्करानं बांधलेल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली माणसं राहायला आली, तेव्हापासून तिकडंही जाऊ लागली. पाच नंबरच्या कॅम्पात या टोकाला तिची हाळी सुरू झाली की त्या टोकाच्या बायका गुळगुळीत झालेले पाटे धुऊन दारात आणून ठेवत.

त्रेपन्न सालच्या पावसाळ्यानंतर ही हाळी आखूड व्हायला लागली. आधी शेवटची 'टाकी' गळाली, मग पाटा गेला, आणि दिवाळीपर्यंत नुसता पहिला शब्द उरला. तोही ओरडून झाला की भिंतीला हात टेकून उभं राहावं लागे. छातीत कुणीतरी ओली वाळू भरून ठेवल्यासारखं वाटायचं. हवा कशीबशी आत जाई, पण बाहेर यायचं नाव घेत नसे.

हे कुणाला कळू नये यासाठी तिनं नाना युक्त्या काढल्या होत्या. चढ लागला की झोळीची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची. नळापाशी आलं की पायात काटा मोडल्यासारखं खाली बसून तळवा चाचपायचा. एखाद्या दारात डब्यात कोथिंबीर लावलेली दिसली, की तिच्याकडं अशी निरखून बघत राहायचं की घरधनीण खूश होऊन चार काड्या तोडून द्यायची. घरापासून कॅम्पापर्यंतचा रस्ता तिनं असा थांब्याथांब्यांत वाटून घेतला होता, आणि वाटेत कुणी बोलायला लागलं तर तिला धास्ती वाटे. चालणं आणि बोलणं ही दोन कामं आता एका वेळी होत नव्हती.

घरात लपवणं जास्त अवघड होतं. मुलगा सदू कारखान्यात कामाला, तो दिवसभर बाहेर. पण सून विठा सगळं बघत असे. केस विंचरायला हात वर धरले की रखमाबाईला धाप लागे, म्हणून तिनं विंचरणंच सोडलं आणि पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायला सुरुवात केली. चार घास खाल्ले की जेवणाचाच दम लागे, तेव्हा अर्धी भाकरी बाजूला सारून ती म्हणायची, कॅम्पातल्या बायकांनी खाऊ घातलं. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून गोधड्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसल्या बसल्याच झोपे.

यातलं एकही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि त्याला कारण होतं. तिचा नवरा आनंदा दगडखाणीत कामाला होता, तो असाच खोकत खोकत सहा वर्षांपूर्वी गेला होता. वस्तीतले लोक म्हणाले क्षय. त्याच्या गोधड्या जाळल्या, भांडी नदीत टाकली. आता तेच आपल्याला लागलंय, याबद्दल रखमाबाईला तिळमात्र शंका नव्हती. तिनं आपला पेला गुपचूप वेगळा केला आणि आढ्यापाशी फळीवर ठेवून दिला. आणि विठाच्या आठ महिन्यांच्या मुलीला, येसूला, हात लावणं बंद केलं. पोरगी रांगत रांगत यायची, तिच्या लुगड्याला धरून उभं राहायला बघायची, आणि आजी लुगडं सोडवून घेऊन बाहेर निघून जायची.

एका संध्याकाळी कुडापलीकडून विठाचं बोलणं तिच्या कानावर आलं. विठा सदूला म्हणत होती, "पोरगी झाली म्हणून आत्याबाई तिला शिवत न्हाईत. पोरगा असता तर खाली ठेवला नसता त्यांनी."

रखमाबाई बाहेर तशीच बसून राहिली. खरं सांगावं तर सून पोरीला घेऊन माहेरी जाईल, आणि जायलाच हवं. न सांगावं तर हा असा डाग. दोन्हीपैकी काहीच तिच्यानं झालं नाही.

कॅम्पात जेठीबाई नावाची एक सिंधी बाई होती. वय रखमाबाईएवढंच, पन्नाशीच्या आसपास. ती आणि तिच्या दोघी जावा पापड करायच्या, त्यासाठी मिरी भरडायला त्यांचा एक भलामोठा पाटा होता. संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी रखमाबाई त्याला टाकी लावत बसली होती. पांढरी धूळ तोंडासमोर उडत होती. अर्धा पाटा झाला आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. हातातली टाकी गळून पडली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आता इथंच सगळं उघडं पडणार या विचारानं तिचा जीव आणखीच गोळा झाला.

जेठीबाईनं आरडाओरडा केला नाही. पाणी आणायला धावली नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. ती येऊन समोरच्या पायरीवर बसली आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिली. खोकणाऱ्या माणसाकडं बघत राहू नये, हे ज्याला स्वतःला खोकला आहे त्यालाच ठाऊक असतं. उबळ ओसरल्यावर जेठीबाईनं आपले दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकले, पुढं झुकली, आणि तापलेलं दूध निववावं तशी ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकर सोडली. मग रखमाबाईला खुणेनं म्हणाली, तू पण कर.

रखमाबाईनं केलं. पाचसहा फुंकरींनंतर छातीतली वाळू जराशी हलली.

"मेरे को भी है, अदी," जेठीबाई म्हणाली. "दस साल से. जल्दी नहीं करने का. दमानं."

'दमानं' हा शब्द ती भाजीवालीकडून शिकली होती. 'अदी' म्हणजे बहीण, हे रखमाबाईला त्या दिवशी कळलं. इतके दिवस तिला वाटत होतं की ही बाई आपलं नाव चुकवते.

त्या दिवसापासून रखमाबाईच्या फेरीतला सगळ्यांत जास्त वेळाचा थांबा जेठीबाईची पायरी झाली. तिथं काही बहाणा लागत नसे. जेठीबाईनं दाखवलं की मिरी भरडताना ती ओढणी भिजवून नाकातोंडावर बांधते. दगडाच्या धुळीलाही ते चालेल. रखमाबाईनं सांगितलं की गठ्ठा पाठीमागं घेण्यापेक्षा पुढ्यात घेऊन त्यावर हात टेकले तर झोप बरी लागते. जेठीबाईनं कबूल केलं की बाजारात दम लागला की ती प्रत्येक हातगाडीपाशी थांबून भाव विचारते, आणि सगळा बाजार तिला चिक्कू समजतो. रखमाबाईनं पायातल्या काट्याची गोष्ट सांगितली. दोघींना हसू आलं, हसता हसता दोघींनाही धाप लागली, आणि मग त्या गुडघ्यांवर कोपर टेकून, हसणं आवरत, फुंकरी सोडत बसल्या.

अशाच एका दिवशी रखमाबाईनं आनंदाचं सांगितलं. पेल्याचं सांगितलं. येसूचंही सांगितलं. जेठीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. दोघी चार वेळा थांबत गेल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बेताचं बोलायच्या. त्यांनी छातीला नळी लावली, काम काय करता ते विचारलं, किती वर्षं ते दोनदा विचारलं. छातीचा फोटो काढवला. तीन सकाळची थुंकी डबीत आणून द्यायला सांगितली आणि आठवड्यानं यायला सांगितलं.

त्या आठवड्यात रखमाबाई कामावर गेली नाही. घरात एका कोपऱ्यात बसून असे. येसू जवळ आली की ती भिंतीकडं तोंड करी, आणि विठा पोरीला उचलून नेई.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाकडं धरला आणि सांगितलं, "हा क्षय नाही, आजी. दगडाची धूळ आहे. आत गेली ती निघायची नाही. पण आणखी जाऊ द्यायची नाही, आणि जेवढा दम आहे तो जपून वापरायचा. असे पुष्कळ लोक पुष्कळ वर्षं जगतात."

रखमाबाईला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. तिनं विचारलं, "मग लेकराला मांडीवर घेऊ का?"

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "घ्या की. खुशाल घ्या."

परतीच्या वाटेवर रखमाबाईला आनंदाचा शेवटचा महिना आठवत होता. तिनं त्याला लांबून भाकरी सरकवली होती, आणि त्यानं ती न बोलता ओढून घेतली होती. त्यालाही धूळच होती की काय, हे आता कोण सांगणार? डॉक्टरीणबाईंना विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं विचारलं नाही. कॅम्पाच्या कडेच्या चिंचेखाली ती बसली आणि बराच वेळ रडली. जेठीबाई शेजारी बसून रस्त्याकडं बघत राहिली.

घरी आली तेव्हा विठा तांदूळ निवडत होती आणि येसू सुपाशेजारी बसून खडे तोंडात घालायला बघत होती. रखमाबाई खाली बसली, तिनं पोरीला उचलून मांडीवर घेतलं, आणि विठाला सगळं सांगितलं. एका दमात सांगता येण्यासारखं ते नव्हतंच. थांबत, फुंकर सोडत, पुन्हा सुरू करत तिनं सांगितलं. येसू तोवर तिच्या गळ्यातली पोत ओढत होती.

विठाचे हात सुपात तसेच राहिले. "मला सांगायचं न्हाई व्हय, आत्याबाई," एवढंच ती म्हणाली. मग उठली, फळीवरचा पेला काढून घासला आणि बाकीच्या पेल्यांत नेऊन ठेवला. संध्याकाळी ती फणी आणि तेलाची वाटी घेऊन सासूच्या मागं येऊन बसली. चार महिन्यांचा गुंता होता. तो सोडवायला दिवे लागेपर्यंत वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी विठानं झोळी आपल्या खांद्याला लावली. म्हणाली, आता मी जाते. रखमाबाईनं झोळी काढून घेतली. या घरातली दोन माणसं या धुळीनं नासली, तिसरं नको, असं तिनं ठणकावून सांगितलं, आणि तेवढं बोलल्यावर तिला पाटावर बसावं लागलं. शेवटी जेठीबाईनं मार्ग काढला. तिच्याकडं पापड लाटायला हात हवेच होते. विठा येसूला घेऊन तिकडं जाऊ लागली. रखमाबाई आठवड्यातून दोनच दिवस काम करी, तेही उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून, दगडावर पाणी शिंपडून आणि तोंडाला ओलं फडकं बांधून. बायका पाटे तिच्यापाशी घेऊन येत. ओल्या दगडावर टाकी घसरते आणि काम दुप्पट वेळ खातं, म्हणून काही बायका कुरकुरल्या. दोघी दुसऱ्या पाथरवटिणीकडं गेल्याही.

सगळेच दिवस सारखे नसत. धुकं पडलं की तिला उठवत नसे, आणि अशा दिवशी ती उगाच विठावर डाफरायची, मग दुपारी स्वतःच्या वाटणीचा गूळ तिच्या हातावर ठेवायची. विठालाही ते कळायला लागलं होतं. ती गूळ निमूटपणे खायची.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जुन्या देवळाची जत्रा भरते. जेठीबाईला सहा वर्षं तिथं जायचं होतं, पण गाभारा खोल आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि उतरलेल्या माणसानं वर कसं यायचं, या भीतीनं ती कधी गेली नव्हती. यंदा रखमाबाई म्हणाली, चल, दोघी आहोत. जेठीबाई नदीपर्यंत टांग्यानं आली. तिथून दोघी विठाला आणि येसूला घेऊन जत्रेतून चालत गेल्या. बांगड्यांच्या दुकानापाशी थांबल्या, पेढ्यांपाशी थांबल्या, पाळण्यापाशी थांबल्या.

उतरणं सोपं गेलं. पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला. खाली दमट होतं, धूप आणि माणसांच्या श्वासांनी भरलेलं होतं, आणि दोघींच्याही छातीनं ते लगेच ओळखलं. वर चढायला लागल्या. एक पायरी, एक फुंकर. दुसरी पायरी, दुसरी फुंकर. मागं रांग तुंबली. खालून कुणीतरी जरा रागानंच म्हणालं, आजी, चला की, का थांबलात?

पूर्वीची रखमाबाई असती तर पायात काटा मोडला असता. तिनं भिंतीला हात टेकला, वळून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "आम्हा दोघींना दम्याचं दुखणं हाय. आम्ही दमादमानं चढणार. देव कुठं पळून जात न्हाई, थांबा जरा."

रांग थांबली. कुणी हसलं, कुणी दुसऱ्याला मागं सरकायला सांगितलं. एका बाईनं जेठीबाईच्या कमरेला हात दिला. अर्ध्यावर जेठीबाईच्या ओठांवर निळसर झाक आली तेव्हा रखमाबाई घाबरली, पण तिनं तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. समोरच्या दगडाकडं बघत ती मोठ्यानं फुंकर सोडत राहिली, म्हणजे जेठीबाईला त्या आवाजामागून जाता येईल. हळूहळू दोघींची लय एक झाली. उरलेल्या पायऱ्या किती वेळात चढल्या ते कुणी मोजलं नाही.

बाहेर उन्हात देवळाच्या भिंतीला टेकून त्या बसल्या. भिंतीभर कोरीव काम होतं, देव, हत्ती, नाचणाऱ्या बायका. रखमाबाईनं एका हत्तीच्या पाठीवरून बोट फिरवलं. टाकी कुणी कशी धरली असेल ते तिच्या बोटाला कळत होतं. ज्यांनी हे घडवलं त्यांच्याही छातीत हीच धूळ गेली असणार, असं तिच्या मनात आलं, आणि त्या कुणा अनोळखी माणसांसाठी तिनं मनातल्या मनात हात जोडले.

विठानं येसूला तिच्या मांडीवर दिलं आणि ती पाणी आणायला गेली. जेठीबाईच्या ओठांचा रंग परत आला होता. ती आता पलीकडच्या टिटवाळ्याच्या गणपतीचं बोलत होती, पुढच्या चतुर्थीला जाऊ म्हणून.

"जाऊ की," रखमाबाई म्हणाली. "आधी पायऱ्या किती हायत ते कुणाला तरी इचार."

जेठीबाई म्हणाली की तिची जाऊ जाऊन आली आहे, तिला विचारून सांगते. मग पाणी आलं, तिघी ते प्यायल्या, आणि गर्दी कमी होईपर्यंत त्या तिथंच उन्हात बसून राहिल्या.