डावीकडे झुकलेले आकडे

प्रितमला एक खोड होती. प्रश्न कुठलाही असो, तो आधी एक्सेल उघडायचा. स्वतःच्या लग्नात किती भात शिजवावा याचा अंदाजसुद्धा त्याने एक्सेलमध्येच काढला होता. भात कमी पडला होता, पण ती गोष्ट कोणी काढलेली त्याला खपत नसे.

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात तो आकडेवारीचं काम बघायचा. गरोदर बायांच्या रक्ताची शीट त्यानेच बनवली होती. गावोगावच्या नर्स मोबाईलवरून हिमोग्लोबिनचा आकडा भरायच्या. आकडा सातच्या खाली गेला की रकाना आपोआप लाल व्हायचा, नाहीतर हिरवा. लाल झालेल्या बाईसाठी तालुक्यातून गाडी निघायची. साहेब खूश होते. एवढ्या कामासाठी लोक मोठमोठी सॉफ्टवेअर विकत घेतात, आपल्या पोराने एक्सेलमध्येच भागवलं, असं ते चार लोकांत सांगायचे. प्रितम हरभऱ्याच्या झाडावर चढलेला होता आणि तिथून खाली उतरायची त्याला काही घाई नव्हती.

त्याची बायको शालू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, पिंपळटोल्याला गेली होती. आठवा महिना सरत आला होता. फोनवर ती म्हणायची, "जीव धापते जी. न्हाणीपर्यंत गेली तरी दम लागते. रत्नमाला सिस्टर म्हणते, रक्त कमी हाये."

प्रितम तिथल्या तिथे शीट उघडून रंग बघायचा.

"हिरवी आहेस तू. तुमच्या गावच्या साऱ्याच हिरव्या आहेत. कायले घाबरतेस? माझी शीट खोटी बोलत नाही."

शालूला बरं वाटायचं. तिची आई शकुनबाई तर शेजारणींनाही सांगायची, आमच्या जावयानं पाहून सांगतलं, सारं ठीक हाये.

त्या सोमवारी साहेबांनी दुपारच्या बैठकीसाठी उपकेंद्रवार सरासरी मागितली. आजवर साऱ्या तालुक्याची एकच सरासरी जायची. प्रितमने सूत्र लावलं आणि आकडे भराभर आले. फक्त पिंपळटोल्यासमोर शून्याने भागल्याची चूक आली. सरासरी काढायला इथे एकही आकडा नाही, असं एक्सेलचं म्हणणं होतं. पण रकाने तर भरलेले दिसत होते. त्याला हसू आलं. आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याने सूत्र पुन्हा लिहिलं, पण उत्तर तेच आलं.

मग त्याचं लक्ष गेलं. बाकीच्या गावांचे आकडे रकान्याच्या उजव्या कडेला टेकून उभे होते आणि पिंपळटोल्याचे सगळे डावीकडे झुकलेले होते. एक्सेल आकडे उजवीकडे ठेवतं, अक्षरं डावीकडे. त्याने डोळे बारीक करून पाहिलं. रत्नमाला सिस्टरने सगळे आकडे मराठीत, देवनागरी अंकांत भरले होते.

का नाही भरणार? फेब्रुवारीत मराठी दिनाला 'यापुढे कामकाज मराठीतच करा' असा निरोप प्रितमनेच ग्रुपवर टाकला होता, खाली गुलाबाचं फूल लावून. सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि कीपॅड होता तसाच इंग्रजी ठेवला. एकट्या रत्नमाला सिस्टरने तो निरोप मनावर घेतला.

एक्सेलच्या लेखी ते आकडे नव्हतेच, शब्द होते. सरासरी काढताना त्याने ते गुपचूप वगळले होते. आणि शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच, असा एक्सेलचा नियम. म्हणजे सातापेक्षाही मोठा. म्हणून पिंपळटोल्याचा रकाना न् रकाना हिरवा होता, आणि काहीही भरलं असतं तरी हिरवाच राहिला असता.

त्याने शालूची ओळ शोधली. मे महिना ९.१, जून ७.४, जुलै ५.२. तिन्ही हिरवे.

शालूने फोन उचलला नाही. शकुनबाईचा बंद होता. रत्नमाला सिस्टरने उचलला.

"सिस्टर, शालूचा आकडा पाच पॉइंट दोन हाये काय?"

"हो सर. मी तिच्या मायले सांगतलं ना, भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून. तं ती म्हणे, जावईबापूनं पाहून सांगतलं, काही नाही होत. तालुक्यातून गाडी बी नाही आली. मले वाटलं, तुमी मोठ्या डॉक्टरले दाखवलं असन."

"नाही दाखवलं," प्रितम म्हणाला आणि बैठक, साहेब, सगळं टाकून धावला.

ड्रायव्हर कमलेशने कार्यालयाची गाडी काढली. वाटेत मोहाडीला बाजार भरला होता. टोपल्या, सायकली, मधेच उभे राहून गप्पा मारणारे लोक, कोणाला कसली घाई नव्हती. प्रितम काचेतून डोकं काढून ओरडत होता आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येत नव्हता. तो फार घाबरला होता. शालू फोन का उचलत नाही याची शंभर कारणं त्याला सुचत होती आणि त्यातलं एकच खरं वाटत होतं. तो कधी देवाला नवस बोलला नव्हता. आता गाडी गावाबाहेर पडेपर्यंत चार देवांना बोलून झाला.

शालू ओसरीतल्या खाटेवर पडली होती. फोन उशाला होता, पण हात लांब करायचंही त्राण तिच्यात नव्हतं. ओठ धुतलेल्या फडक्यासारखे पांढरे पडले होते.

"काहून आले तुमी? आज तं सुट्टी नाही."

"चल. भंडाऱ्याले चल."

त्याने तिला उचलून गाडीत घेतलं. शकुनबाई कपड्यांची पिशवी घेऊन पुढे बसली. गाडी गावाबाहेर पडल्यावर तो बोलला.

"शीट चुकली, शालू. माझी शीट चुकली. तुझं रक्त फार कमी हाये."

इतके दिवस ती घाबरली नव्हती, त्याच्या शब्दावर विसंबून होती. आता तिच्या डोळ्यांत भीती आलेली त्याने पाहिली. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि थोड्या वेळाने विचारलं, "अन् गुलाब?"

"कोणती गुलाब?"

"आमच्या शेजारची, सुशीलाबाईची सून. सातवा लागला तिले. सिस्टर तिलेबी दवाखान्यात जा म्हणे. मीच सांगतलं, नको जाऊ, आपल्या गावच्या साऱ्या हिरव्या हायेत. ते तं रोज धानाच्या रोवण्याले जाऊन राहिली."

शालूच्या ओळीखाली आणखी काय लिहिलंय हे प्रितमने पाहिलंच नव्हतं. त्याने मोबाईलवर शीट उघडली. गुलाबसमोर ४.८ होते. त्याने रत्नमाला सिस्टरला फोन लावला आणि जवळजवळ रडत सांगितलं, गुलाबला धानाच्या बांधीतून उचला, एकशे आठची गाडी बोलवा, पिंपळटोल्याची शीट मुळीच बघू नका, तुमच्या रजिस्टरात सातच्या खाली जी जी असेल तिला पाठवा.

भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंनी शालूची खालची पापणी ओढून पाहिली, त्याला एक शब्दही विचारला नाही आणि रक्त मागवलं. पिशवी लागली. बाळाचे ठोके सापडले. रात्र कशी जाते ते बघू, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळच्या सुमारास स्ट्रेचरवरून गुलाबला आणलं. पोटऱ्यांवर बांधीतला चिखल तसाच होता. ती हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. मागून पळत आलेल्या सुशीलाबाईने दारात प्रितमला पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"देवावाणी भेटले, जावईबापू. तुमीच सांगा आता. वाचल ना जी माही सून?"

"मले काही मालूम नाही, काकू," प्रितम म्हणाला.

तिला ते पटलं नाही. तो पाहून सांगेल म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत तिथेच उभी राहिली.