पडद्यापुढची ताई

मी पियानोपुढचं फिरतं स्टूल बोलतोय. खुर्ची म्हणू नका हं, मला राग येतो. खुर्चीवर माणूस रेलतो, पेंगतो, घोरतोसुद्धा. माझ्यावर कुणी पेंगून दाखवावं! तीन पाय, मधोमध लोखंडी आटे आणि वर गोल बैठक, एवढाच माझा संसार. डावीकडे फिरवलं की मी चढतो, उजवीकडे फिरवलं की उतरतो.

ज्या सुताराने मला घडवलं त्याने दुकानदाराला बजावलं होतं, "एखाद्या शांत माणसाला द्या हो हे." कसला शांत माणूस! माझ्या नशिबी आला भिंगरी.

भिंगरी हे त्याचं खरं नाव नव्हे. मोठ्या बहिणीने ठेवलेलं. आई-वडील लवकर गेले आणि या ताईनेच त्याला वाढवलं. ती नाटकांत गाणाऱ्यांच्या घोळक्यात उभी राहायची. भाऊ पियानोपुढे पत्र्याच्या डब्यावर बसून सूर शोधायचा, ते तिला बघवेना. एक दिवस मला काखोटीला मारून ती घरी आली आणि म्हणाली, "घे बाबा, आता तरी बूड टेकव."

टेकवतोय कसला! हा पठ्ठ्या संगीत नाटकं लिहायचा आणि त्यांतल्या गाण्यांना चालीही स्वतःच लावायचा. पुढे पियानो, पाठीमागे लिहायचं टेबल आणि मध्ये मी. चार ओळी लिहिल्या की गर्रकन पियानोकडे, दोन सूर वाजवले की गर्रकन टेबलाकडे. लिहिणारा म्हणायचा, "हे कडवं लांबतंय." चाल लावणारा म्हणायचा, "तुझी बडबड लांबते त्याचं काय?" एकाच माणसाची ही दोन तोंडं माझ्या डोक्यावर बसून भांडायची. माझे आटे झिजले ते उगाच नाही.

त्याच्या पहिल्या नाटकात एक अडचण आली. रस्त्याचा देखावा हलवून घराचा लावायला कामगारांना वेळ लागायचा. पडद्याआड ठोकाठोक चालायची आणि इकडे लोक कंटाळून खोकायला लागायचे. भिंगरीने एका बैठकीत तोडगा काढला. जिने झाडणारी एक बाई पडद्यापुढे येते, केरसुणीवर हनुवटी टेकून गाणं म्हणते आणि निघून जाते. तोवर मागे घर उभं! ते काम त्याने ताईला दिलं.

नाटकाची गोष्ट लोक विसरले, जिन्याचं गाणं मात्र जो तो गुणगुणायला लागला. मग काय, दर नाटकात पडद्यापुढे ताईचं एक गाणं ठरलेलंच. कधी ती परीटीण, कधी तिकिटं विकणारी, कधी दवाखान्यातली नर्स. भिंगरीचं नाव झालं. पण ताईला दुसरं काम कुणी दिलंच नाही. तिचं सगळं आयुष्य त्या पडद्यापुढच्या अरुंद पट्टीवर उभं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

अशी वर्षं गेली. मग नवं नाट्यगृह बांधलं गेलं, फिरत्या रंगमंचाचं. बटण दाबलं की रस्ता मागे जातो, घर पुढे येतं. निर्माते आमच्या घरी येऊन, हात चोळत म्हणाले, "आता नव्या नाटकातलं ते पडद्यापुढचं गाणं काढून टाका. नाटक कसं धावतंय, आणि मध्येच तुमच्या ताई!"

ते गेल्यावर भिंगरी माझ्यावर असा गरगरला की मलाच घेरी आली. लिहिणाऱ्याला पटलं होतं, चाल लावणाऱ्याचं मन होत नव्हतं. शेवटी त्याने गाण्यावर काट मारली आणि पुटपुटला, "ताईला मी सांगतो."

सांगितलं नाही हो त्याने! फोन उचलायचा, ठेवायचा. ताई सरावाला घरी आली तेव्हा तर कहरच केला. मुकाट तेच गाणं वाजवलं आणि वर म्हणाला, "छान झालं." मी खाली नुसता तडफडत होतो. अरे, सांग की तिला!

रंगीत तालमीला मलाही नाट्यगृहात नेलं, कारण दुसऱ्या कशावर त्याला बसता यायचं नाही. गाणं काढल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. घरचा मामला, भाऊच सांगेल, असं सगळे धरून चालले होते.

अंधार झाला. ताई टपालवालीच्या वेषात, खांद्यावर पिशवी घेऊन पडद्यापुढे आली आणि इशाऱ्यासाठी तिने खाली वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. भिंगरीचे हात मांडीवर होते. मागे रंगमंच घरघरला, पडदा वर गेला, दिवे लागले. घरातली माणसं जेवणाच्या टेबलाभोवती बोलायला लागली आणि त्यांच्या पुढ्यात ताई उभी. बोलता बोलता एक नट अडखळला, मग सगळेच थांबले.

"भिंगरी?" ताईने हळूच हाक मारली.

त्याने मान वर केली नाही. जन्मात पहिल्यांदा तो माझ्यावर हलला नाही. ताईने खांद्यावरची पिशवी सावरली आणि त्या मांडलेल्या घरातून वाट काढत ती निघून गेली.

नाटक धो धो चाललं. पण भिंगरीचं काम ठप्प झालं. बसायचा, उठायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा. एक ओळ धड लिहून होईना. फोन केला की ताई "कामात आहे" म्हणून ठेवून द्यायची. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

शेवटी एक दिवस ताई आली, इथे राहिलेला आपला चष्मा न्यायला. भिंगरीने घाईघाईने नवं गाणं वाजवून दाखवलं, इतक्या दिवसांत सुचलेलं पहिलंच.

"हे कुठलं सामान हलवायला?" तिने विचारलं.

"सामान नाही, ताई. पडदासुद्धा नाही. अख्ख्या नाटकात तू एकटीच आहेस."

"दया आली का माझी?"

"नाही गं. चूक झाली माझी. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

ताईचा आवाज चढला. "गाणं काढलंस त्याचं काही नाही रे! नाटकाला ते नको होतं, मलाही कळत होतं. पण मी हाक मारली आणि तू मान वर केली नाहीस. सगळ्यांसमोर!" ती रडली. तोही रडला. मग नाक पुसून तिने कागद ओढून घेतला. "गाईन मी. पण माफ केलं असं समजू नकोस. आणि उभी राहणार नाही, गुडघे गेलेत माझे."

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

म्हणून आज पहिल्या प्रयोगाला मी रंगमंचावर आहे. माझ्यावर ताई बसली आहे आणि सगळा उजेड आमच्यावर आहे. भिंगरी खाली पियानोशी उभा आहे. त्याने मान वर केली आहे, इशाऱ्याचा हातही वर केला आहे. आणि ताई मांडीकडे बघतेय. मान वर करतच नाही. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

ताई, बघ ना गं त्याच्याकडे! तुझाच आहे तो. माझ्यासाठी नको, त्या गाण्यासाठी तरी बघ.

ताईने गाण्याआधीचा श्वास घेतलाय, अगदी पोटभरून. मला खालून कळतं. त्याला अजून कळलेलं नाही.